एक चित्र आणि दोन खाड्या



ह्या वसंतातल्या व्याख्यानांसाठी मला बोलावणे आले, तेव्हा चिटणीसांच्या मनात असे असावे की हा गृहस्थ वेतनकरारावर बोलेल, फार तर कंत्राटी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीवर बोलेल. तो माझा रोजचा उद्योग आहे आणि त्यावर मी झोपेतही बोलू शकतो, असे घरची मंडळी सांगतात. पण आज मी एका चित्राविषयी बोलणार आहे. चित्रकलेतले मला काही कळत नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. नववीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून वाचले, आणि त्यातले निम्मे पेंगत वाचले. तेव्हा जाणत्यांनी चूक दिसेल तेथे दुरुस्त करावे.

आमच्या युनियनच्या रोह्याच्या कचेरीत, जुन्या दप्तरांच्या कपाटावर, एका दिनदर्शिकेचे पान चौकटीत घालून टांगलेले आहे. ते माझ्या वडिलांचे. वडील परळच्या बाजूला गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले पुष्कळसे पुन्हा कधी आत गेले नाहीत. त्यांत आमचे वडील. वर्षभर वाट पाहून त्यांनी बिऱ्हाड गुंडाळले आणि आम्ही पेण तालुक्यातल्या आमच्या गावी आलो. सामान म्हणजे एक पत्र्याची ट्रंक, एक स्टोव्ह, एक हंडा आणि हे पान. खालची तारखांची पट्टी वडिलांनी कातरून टाकली होती, तिच्याबरोबर चित्राचे नावही गेले.

चित्रात आहे ते एवढेच: एक लांब बांध, त्याच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला सखल जमीन, आणि वर भलेमोठे आभाळ. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. वडिलांना विचारले, हे कुठले? ते म्हणाले, “यो तं आपलाच बांध हाय.” मला ते तंतोतंत पटले. आमच्या घराच्या मागे अर्ध्या मैलावर तसाच बांध होता. पुढे सतरा-अठरा वर्षे मी ते चित्र पेणच्या खारेपाटाचेच समजत होतो आणि पाहुण्यांना तसे सांगतही होतो.

खरी गोष्ट कळली ती मुंबईत. कामगार न्यायालयात तारीख पुढे ढकलली गेली, दिवस मोकळा मिळाला, म्हणून एका ग्रंथालयात जाऊन बसलो. तेथे जुन्या मुंबईवरचे एक पुस्तक चाळताना आमचा बांध समोर आला. तो पेणचा नव्हता. तो मुंबईचा, महालक्ष्मी आणि वरळी ह्यांच्या मधला. चित्रकार जेम्स वेल्स.

हा वेल्स स्कॉटलंडचा. तो १७९१ मध्ये मुंबईस आला, पुढे पुण्यास गेला, आणि तेथे त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे ह्यांची चित्रे काढली. पुण्याचा गंगाराम तांबट हा आपल्याकडचा चित्रकार त्याच्याबरोबर काम करीत असे, ही गोष्ट आपण मराठी माणसांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेल्स १७९५ मध्ये साष्टीत वारला. त्याने १७९१ आणि १७९२ ह्या दोन वर्षांत मुंबई बेट आणि आसपासची बारा दृश्ये रेखाटली होती. ती त्याच्या पश्चात १८०० मध्ये छापून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक ह्या बांधाचे. काही दृश्ये घारापुरीवरून घेतलेली आहेत. घारापुरीच्या दक्षिणेला तेच बंदर पुढे धरमतरच्या खाडीला जाऊन मिळते, म्हणजे आमच्या दारात येते. तेव्हा वडील अगदीच चुकले होते असे नाही.

आता बांधाविषयी. मुंबई ही सात बेटे होती हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. बेटांच्या मध्ये काय होते हे मात्र कोणी शिकवीत नाही. बेटांच्या मध्ये खाजण होते. महालक्ष्मी आणि वरळी ह्यांच्या मधून भरतीचे पाणी आत शिरे आणि आजच्या ताडदेव, भायखळा, कामाठीपुरा ह्या भागांपर्यंत पसरे. ओहोटीला ते मागे सरे आणि चिखल उघडा पडे. ह्या वाटेला इंग्रजांनी नाव दिले होते ‘ग्रेट ब्रीच’. आमच्या खारेपाटात ह्याला सरळ शब्द आहे: खांड. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी ह्याच्या कारकिर्दीत ती खांड बुजविली गेली, आणि १७८४ मध्ये काम पुरे झाले. त्याला ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणत. वेलार्ड हा शब्द इंग्रजी नव्हे. पोर्तुगीज भाषेत बांधाला, कुंपणाला जो शब्द आहे त्याचा तो अपभ्रंश. आज त्यावरून लाला लजपतराय मार्ग जातो आणि त्याच्या बाजूला हाजी अलीचा दर्गा आहे. वेल्सने पाहिला तेव्हा बांध सात-आठ वर्षांचा, म्हणजे नवाच होता.

ह्या बांधाची एक आख्यायिका आपण ऐकली असेल. बांध घालावा आणि तो फुटावा, असे पुन्हा पुन्हा होऊ लागले. तेव्हा रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू स्थापत्यकाराला स्वप्नात देवीने दृष्टांत दिला. वरळीच्या समुद्रातून मूर्ती निघाल्या, त्यांची स्थापना झाली, मग बांध टिकला. आणि तेच महालक्ष्मीचे देऊळ. दुसरी कथा अशी की कंपनीच्या संचालकांनी खर्चाला नकार कळविला, पण हॉर्नबीने ते पत्र काम होईपर्यंत दाबून ठेवले. पहिल्या कथेत श्रेय देवीला, दुसरीत गव्हर्नराला. ज्यांनी डोक्यावर दगड आणि चिखल वाहिला त्यांची कथा मात्र मला कोठेच आढळली नाही, आणि वेल्स येईपर्यंत ते लोक निघून गेले होते.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. खाजण वाळले, भरले, त्यावर वस्ती झाली. कावसजी नानाभाई दावर ह्यांनी १८५४ मध्ये कापडाच्या गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी चालू झाली. बांध पुरा झाल्यापासून बरोबर शंभर वर्षांनी, १८८४ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी केली आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळविली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगितले. मुद्दा असा की आमच्या वडिलांनी ज्या मुंबईत तीस वर्षे घाम गाळला, ती ह्या बांधाच्या आडोशाला उभी राहिलेली होती.

पण मला त्या दिवशी ग्रंथालयात निराळाच विचार सुचला. बांधामागचे ते खाजण मुंबईत आता पाहायला मिळत नाही. शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी येतात, ठाण्याच्या खाडीत २०१५ पासून त्यांचे अभयारण्य आहे, तेवढाच अवशेष. चित्राच्या आधीची मुंबई पाहायची असेल तर ती पेण आणि रोहा येथे आहे. पेणला भोगावती आणि आंबा, रोह्याला कुंडलिका. आंबा पाली-नागोठण्याकडून येते आणि धरमतरच्या खाडीने मुंबईच्या बंदरात शिरते. कुंडलिका रोह्यावरून जाते आणि रेवदंडा-कोर्लई ह्यांच्या मधून समुद्रात पडते. दोन्ही नद्यांच्या शेवटच्या पट्ट्यात गोडे पाणी आणि खारे पाणी दिवसातून दोनदा एकमेकांना भेटते, आणि त्या भेटीत जो चिखल बसतो, तोच आमचा खारेपाट.

त्या चिखलाकडे लांबून पाहणाऱ्याला तो घाण वाटतो. मी एकदा आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात बसलो होतो. तेथे डोळ्यांची आखणी करणारा एक वयस्क कारागीर आहे. त्याला हे चित्र दाखविले आणि विचारले, हा चिखल जमलाय का? तो म्हणाला, “चिखलाला रंग कुठं असतो? सकाळी शिशासारखा, दुपारी चांदीसारखा, पावसात शेणासारखा. आभाळ असेल तसा तो.” इतके चांगले सांगणारा कलासमीक्षक मला अजून भेटलेला नाही.

ह्या चिखलात आधी तिवर उभी राहते. तिची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण खालच्या रेंद्यात हवा नसते आणि झाडाला श्वास घ्यावा लागतो. पाण्याच्या कडेला चिपी. तिच्यातली पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. मग कांदळ, आणि मागे काटेरी मारांडी. मुळांच्या जाळीत लाटेचा जोर मोडतो, गाळ अडतो, आणि त्या गाळात कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात. निवटी चिखलावरून उड्या मारीत जाते, चिंबोरी बिळात, कालवे दगडावर, आणि थंडीत उत्तरेकडून पाणपक्ष्यांचे थवे. जिताडा हा आमच्या भागाचा मोठा मासा. खाडीतून त्याची पिले धरायची आणि घराजवळच्या तळ्यात दोन-तीन वर्षे वाढवायची, अशी खारेपाटातली पद्धत आहे. मामलेदाराकडे काम असले की शेतकरी अर्जाबरोबर जिताडा घेऊन जाई, असे आमचे म्हातारे सांगत. अर्ज विसरला तर चाले, असेही सांगत.

ह्या खाजणातून भातजमीन काढण्याची विद्या मात्र आमच्या पूर्वजांची, आणि ती हॉर्नबीपेक्षा जुनी आहे. गावांची नावेच पाहा. रोह्याकडे यशवंतखार, धोंडखार, खारापटी. ज्या गावाच्या नावात खार आहे ते गाव कोणीतरी समुद्राकडून मागून घेतलेले आहे. आंग्र्यांच्या आणि पेशव्यांच्या काळी खाजण उठवणाऱ्याला कौल मिळे: काही वर्षे सारा माफ, मग हळूहळू चढता. जो भांडवल घाली आणि बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी घेई, तो शिलोत्रदार. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरात ह्या शिलोत्री पद्धतीचे वर्णन आहे, आणि तेथे जमिनीचे दोन सरळ भाग केलेले आहेत: गोडी भातजमीन आणि खारी भातजमीन.

बांध घालणे हे काम सांगायला सोपे आहे. ते भांगाच्या दिवसांत करायचे, कारण त्या दिवसांत भरती कमी चढते. चिखलाची ढेकळे कापायची, हातोहात द्यायची, थरावर थर चढवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा चढवायचा. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण येण्याच्या आत तोंड बुजले पाहिजे. नाही तर पंधरा दिवसांचे काम एका रात्रीत परत चिखल होते. बांधाच्या बाहेर तिवरांचा पट्टा राखायचा, म्हणजे लाट बांधावर येण्याआधी थकते. हे शहाणपण जुने आहे. ते कोणा शास्त्रज्ञाने शिकविलेले नाही.

आणि बांधाचा खरा जीव उघाडीत असतो. उघाडी म्हणजे बांधातले पाण्याचे दार. त्याला झडप अशी बसवलेली असते की ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. पहारेकरी नको, इंजिन नको. पाऊस पडतो, जमिनीतले मीठ धुतो, उघाडीतून बाहेर जातो. असे काही पावसाळे गेले की जमीन भात देऊ लागते. येथे राब भाजावा लागत नाही, मोड आलेले बी चिखलात फेकतात. पीक वर्षाला एकच. आणि एका खांडीने एकदा खारे पाणी आत आले की ते पीक तर जातेच, पण पुढच्या दोन-तीन वर्षांचेही जाते.

म्हणूनच एकट्याचा बांध असू शकत नाही. आमच्याकडे जोळ होता. बांधाच्या आतल्या सगळ्या शेतकऱ्यांचा मिळून जोळ. हाक आली की घरटी एक माणूस फावडे घेऊन बांधावर हजर. जो येणार नाही त्याला दंड. मी पुढे युनियनच्या सभासदांना वर्गणीचे महत्त्व पटवून देऊ लागलो, तेव्हा मला कुठल्याही परदेशी पुस्तकातला दाखला द्यावा लागला नाही. जोळ म्हटले की आगरी, कोळी सगळे समजत.

पण जोळाविषयी फार गोड बोलणे बरे नव्हे. बांध घाली तो कूळ, आणि धान्याचा अर्धा वाटा जाई खोताकडे, सावकाराकडे. धरमतरच्या खाडीच्या पलीकडच्या तीरावर, अलिबागच्या खारेपाटात, चरी नावाचे गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तेथे सभा भरली आणि नारायण नागू पाटील ह्यांच्या पुढारीपणाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी ठरविले की जमीन कसायची नाही. कामगाराने साचा बंद ठेवणे आपल्याला समजते. शेतकऱ्याने नांगर बंद ठेवणे म्हणजे स्वतःच्या चुलीत पाणी ओतणे. तरी हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात चरीस येऊन गेले, १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. लोक कसे जगले? लाकडे तोडून विकली आणि खाडीवर जगले. निवट्या, चिंबोऱ्या, कालवे ह्यांना कोणा खोताचा वाटा द्यावा लागत नसे. माझी आजी सांगे की संपवाल्यांना खाडीनं पोसलं. हे वाक्य मी लहानपणी कितीदा तरी ऐकले, पण त्याचा अर्थ कळायला मला फार उशीर लागला. तो उशीर कसा झाला हे सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका रासायनिक कारखान्यात आमची युनियन नवी होती. कंत्राटी कामगारांना कायम करण्याची मागणी होती आणि बोलणी अगदी तोंडाशी आली होती. त्या सुमारास खाडीच्या खालच्या अंगाच्या काही कोळणी कचेरीत आल्या. टोपलीत मेलेली बोईटे आणि शिंगाळ्या होत्या. सांडपाणी रात्री नदीत सोडतात, असे त्यांचे म्हणणे. ते खरे होते, हे मला माहीत होते. रात्रपाळीत झडप फिरवणारी माणसे आमचेच सभासद होती. मी त्यांना म्हणालो, “मावशी, कारखान्याला आत्ता नोटीस आली तर पोरांच्या नोकऱ्या जातील. करार होऊ द्या, मग बघू.” त्यांतली एक म्हणाली, “दादा, आमच्या पोरांचा करार कोनाशी हाय?” आणि त्या टोपली तेथेच ठेवून निघून गेल्या.

करार झाला. एकसष्ट माणसे कायम झाली. आम्ही पेढे वाटले. ‘मग बघू’ म्हटलेले मी दोन वर्षे बघितले नाही. त्या टोपलीचा वास कचेरीला चार दिवस होता, आणि ते सगळे चार दिवस वडिलांचे हे चित्र माझ्या डोक्यावर भिंतीला टांगलेले होते. मी बांधाच्या आतल्या बाजूला बसलो होतो. बाहेर काय आहे ते मला दिसत नव्हते असे नाही. मी तिकडे पाठ केली होती.

त्यानंतर मी खाडीचा इतिहास वाचू लागलो, तो काही हौस म्हणून नव्हे.

स्वातंत्र्यानंतर कायदे भराभर झाले. १९४८ मध्ये कूळकायदा आणि त्याच वर्षी खारभूमीचा कायदा. १ एप्रिल १९५७ ला कूळ जमिनीचा मालक ठरला. १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा नवा कायदा. जमीन कसणाऱ्याची झाली, ही शतकातली मोठी गोष्ट. बांध मात्र सरकारचा झाला, आणि जोळ मोडला. बांध फुटला की पूर्वी लोक फावडे शोधीत, आता टपाल तिकीट शोधू लागले. ह्यात मी लोकांना दोष देत नाही. तरणी माणसे मुंबईला, नाही तर कारखान्यात. म्हाताऱ्यांनी किती ढेकळे वाहावी? शिवाय खाडीतून मोठाली मालवाहू बार्जे जाऊ लागली, त्यांच्या लाटा बांध खाऊ लागल्या. नारवेल, बेनवले, भाल, विठ्ठलवाडी ह्या पेणच्या गावांची नावे वर्तमानपत्रात येतात ती उधाणाचे पाणी शेतात शिरले म्हणून.

आता एक चमत्कारिक गाठ पडली आहे. बांध फुटतो, खारे पाणी आत राहते, आणि चार-पाच वर्षांत शेतात तिवर उगवते. निसर्गाने आपली जागा परत घेतली, असे पक्षी पाहायला येणारे म्हणतात, आणि ते खोटे नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवने तोडण्यास राज्यभर बंदी केली आणि २०१८ मध्ये ती कायम केली. हा निकाल झाला नसता तर आमच्या दोन्ही खाड्यांवर आज तिवराचे पानही दिसले नसते, असे माझे मत आहे. पण ज्या आगऱ्याच्या सातबाऱ्यावर भातजमीन आहे आणि डोळ्यांपुढे जंगल आहे, त्याने काय करायचे? त्याच्या हातून बांध गेला, कायद्याने तिवर तोडता येत नाही, आणि नुकसानभरपाईच्या कागदावर पिकाचा रकाना रिकामा. त्याला निसर्गाचा शत्रू म्हणणे मला जमणार नाही. त्याच्या आजोबांनी बाहेरच्या अंगाला तिवर राखली होती.

ह्या कात्रीचा फायदा घेणारेही असतात. खारजमीन नापीक आहे, पडीक आहे, म्हणून ती उद्योगाला द्या, हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकले आहे. विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा २००५ मध्ये आला, आणि पेण, उरण, पनवेल तालुक्यांतली जमीन एका मोठ्या क्षेत्रासाठी घेण्याचे ठरले. एन. डी. पाटलांसारखी माणसे गावोगाव फिरली. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांत सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले. त्यांतली कित्येक गावे खारेपाटातली. मी त्या दिवशी एका गावात शाळेबाहेर उभा होतो. पावसाने चिखल झालेला. म्हाताऱ्या बायका चपला हातात घेऊन रांगेत होत्या. कौल विरोधात गेला. कारखाना आला तर पोरांना नोकऱ्या मिळतील, असे आमच्याच काही सभासदांचे म्हणणे होते आणि ते माझ्यावर रागावले. दोघे युनियन सोडून गेले. मी त्यांना कोळणीच्या टोपलीची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली नाही.

गेल्या वर्षी भालकडची एक आजीबाई मुलाच्या ग्रॅच्युइटीच्या कामासाठी कचेरीत आली होती. मुलगा आत कागद भरीत होता, ती बाकावर बसून चित्र बघत होती. बघता बघता उठली, चष्मा वर केला, आणि काचेला नाक लावून बांधाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवीत गेली. मला वाटले, हिलाही तो आपल्याकडचाच वाटला. मी सांगितले, “आजी, हा मुंबईचा बांध, दोनशे वर्षांपूर्वीचा.”

“त्ये ऱ्हाऊंदे,” ती म्हणाली, “ह्याची उघाडी कुठं हाय?”

मी इतकी वर्षे चित्र पाहत होतो, पण हे कधी पाहिले नव्हते. चौकट खाली उतरविली, मुलाकडून भिंग घेतले, दोघांनी मिळून शोधले. पान जुने, छपाई विटलेली. आम्हांला काही उघाडी सापडली नाही. “मंग पावसाचं पानी जाईल कुठं?” तिने विचारले. आजही पावसाळ्यात मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकदम आला की मुंबईच्या सखल भागात पाणी तुंबते, हे मी तिला सांगितले. तिला त्याचे नवल वाटले नाही.

तिच्या गावच्या उघाडीची झडप मागच्या पावसाळ्यात वाहून गेली आहे. मुलाचा ग्रॅच्युइटीचा अर्ज झाल्यावर आम्ही त्याच बैठकीत दुसरा अर्ज लिहिला, खारभूमी खात्याला. त्यावर एकेचाळीस सह्या आणि अंगठे झाले आहेत. त्यांत सात कोळ्यांचे आहेत, आणि ते मागायला ह्या वेळी मी स्वतः खाडीवर गेलो होतो.